एकाच घरातल्या तीन कमरा

कंबरदुखी घेऊन येणारा रुग्ण तिचे कारणही बहुधा सोबतच घेऊन येतो. ऊसतोड करणारा मोळीला दोष देतो, रिक्षावाला खड्ड्यांना, शिक्षिका दिवसभर उभे राहण्याला आणि संगणकावर काम करणारा तरुण खुर्चीला. कोल्हापुरात मणक्यांच्या शस्त्रक्रिया करताना ही सारी कारणे मी केसपेपरवर नोंदवून घेतो, कारण रुग्णाला काय वाटते ते ऐकल्याशिवाय पुढचे बोलणे होत नाही. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारच्या ओपीडीत मात्र वडील, मुलगा आणि मुलगी अशी एकाच घरातली तीन माणसे माझ्यासमोर बसली, तिघांनी आपापल्या कमरेची तीन वेगळी कारणे सांगितली आणि तिघांच्या एमआरआयमध्ये जवळजवळ एकच चित्र दिसले. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण मुलगी होती, वय 22, महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळणारी. पकड सोडवताना कमरेत चमक भरली आणि चार दिवसांत दुखणे डाव्या नितंबातून मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या कडेने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरले. टेबलावर उताणी झोपवून गुडघा ताठ ठेवत मी तिचा डावा पाय वर उचलला, तेव्हा साधारण चाळीस अंशांवर तिने टेबलाची कड घट्ट धरली. पावलाच्या वरच्या बाजूला स्पर्श किंचित बोथट होता. पण अंगठा वर उचलून धरायला सांगून मी तो खाली दाबू पाहिला, तर तिने तो तसूभरही हलू दिला नाही. शीर दबली होती, पण स्नायूंची ताकद शाबूत होती आणि लघवीचीही काही तक्रार नव्हती. म्हणजे शस्त्रक्रियेची घाई नव्हती.

तिचा एमआरआय पाहताना मात्र मी थोडा थबकलो. ज्या प्रकारच्या प्रतिमेत पाणी पांढरे दिसते, तिच्यात तरुण माणसाच्या दोन मणक्यांमधल्या गादीचा गाभा उजळ दिसायला हवा. हिच्या शेवटच्या दोन गाद्या काळ्या पडल्या होत्या आणि त्यांतली वरची गादी डावीकडे बाहेर येऊन शिरेवर टेकली होती. कबड्डीतल्या एका झटक्याने गादी सरकू शकते, हे मान्य. पण त्याच्याही वरची तिसरी गादी करडी झाली होती आणि मणक्यांच्या पृष्ठांवर बारीक खळगे होते. हे काही चार दिवसांत घडलेले नव्हते. गादीतले पाणी इतके कमी व्हायला वर्षे लागतात.

एवढ्यात तिचा 27 वर्षांचा भाऊ म्हणाला, "सर, दोन वर्षांपूर्वी माझ्या रिपोर्टमध्येही हेच लिहिलं होतं." तो पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. त्याची कंबर तेव्हा महिनाभर धरली होती, सध्या काही त्रास नाही आणि दिवसभर बसून काम केल्याने ते झाले अशी त्याची खात्री होती. त्याच्या मोबाइलवरची लिंक मी संगणकावर उघडली. त्याच दोन गाद्या काळ्या आणि तसेच खळगे. मग वडिलांनी कापडी पिशवीतून जुनी फिल्म काढली. वय 56. तरुणपणापासून गुळाच्या बाजारात हमाली, तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उचलायचे, आणि 39व्या वर्षी मणक्याचे ऑपरेशन झालेले. फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली आणि मुलीच्या प्रतिमा शेजारच्या पडद्यावर ठेवल्या. वडील बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिले.

"माझ्यासंगं ज्यांनी रवे उचलले, त्यातली किती माणसं अजून धडधाकट हायत, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "माझीच कंबर का गेली, हे मला कधी कळलं न्हाई."

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वैद्यकशास्त्राने जुळ्या भावंडांची मदत घेतली आहे. एका कुटुंबात तिघांना सारखाच त्रास झाला एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. गाद्यांची झीज इतकी सार्वत्रिक आहे की योगायोगानेही असे घडू शकते, शिवाय एका घरातली माणसे अन्न, सवयी आणि व्यसनेही वाटून घेतात. तापिओ विदेमान, मिशेल बॅटिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या 115 जोड्यांचे एमआरआय तपासले आणि त्या भावांनी आयुष्यभर कोणकोणती कामे केली याची बारकाईने नोंद घेतली. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमरेच्या वरच्या भागातील गाद्यांच्या झिजेत माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला केवळ 7 टक्के शारीरिक भाराने समजावून सांगता आला. त्यात वयाची भर घातल्यावर तो आकडा 16 झाला आणि कौटुंबिक साम्य जमेस धरल्यावर 77 टक्क्यांवर गेला. सर्वात खालच्या दोन गाद्यांच्या बाबतीत मात्र सगळे घटक एकत्र धरूनही तो 43 टक्क्यांच्या आसपास थांबला, म्हणजे तिथे आजही पुष्कळसे अस्पष्टच आहे. याच जुळ्यांमधून पुढे अशा 45 जोड्या निवडल्या गेल्या, ज्यांतील एका भावाने आयुष्यभर वाहन चालवण्याची नोकरी केली होती आणि दुसऱ्याने नाही. त्यांच्या गाद्यांमध्ये झिजेचा फरक आढळला नाही. आमच्याकडच्या प्रत्येक चालकाला मी हे सांगतो, पण त्यांना ते फारसे पटत नाही.

कौटुंबिक साम्य म्हणजे सगळी आनुवंशिकताच नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. त्यासाठी एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना लागते, कारण दोन्ही प्रकारची जुळी एका घरात वाढतात, पण पहिल्यांची जनुके पूर्ण सारखी असतात आणि दुसऱ्यांची सरासरी निम्मी. 1999 साली ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील जुळ्यांवर अशी तुलना प्रसिद्ध झाली आणि कमरेच्या गाद्यांच्या झिजेची आनुवंशिकता 74 टक्के निघाली.

हा आकडा ऐकताच मुलगा म्हणाला, "म्हणजे माझ्या दुखण्यातला 74 टक्के वाटा बाबांचा?" तो सहज बोलून गेला, पण वडिलांनी मान खाली घातली. मी त्याला तिथेच थांबवले. हा आकडा समाजातील माणसामाणसांमधल्या फरकाविषयी आहे, एका माणसाच्या दुखण्याची अशी वाटणी त्यातून होत नाही. शिवाय तो गाद्यांच्या झिजेचा आहे, वेदनेचा नाही. आणि जनुके दोघांकडून येतात, आईकडूनही तितकीच.

"पण रक्त माझंच ना, डॉक्टरसाहेब?" वडील हळूच म्हणाले. "पोरांनी जड उचलू नये म्हणून तर त्यांना शिकवलं."

"मामा, तुम्ही गुळात आयुष्य काढलंत," मी म्हणालो. "रवा कसा उतरणार ते नुसत्या गुळव्याच्या हातावर ठरत नाही. उसाची जात, रानाची माती, पाणी, सगळ्यांचा त्यात हात असतो. त्यातल्या एकाला धरून दोष देता येत नाही." त्यांनी मान डोलावली. पोरांना आपण वारशात दुखणे दिले ही बोच एवढ्याने जाणार नव्हती. पण गेली सतरा वर्षे ते स्वतःच्या हमालीलाच दोष देत आले होते, आणि तो भार त्यांच्या मनावरून थोडा उतरल्यासारखा वाटला.

मुलाने फोनवर जनुक तपासणीची एक जाहिरात काढून दाखवली. घरबसल्या लाळेचा नमुना पाठवायचा आणि मणक्यांचा धोका कळणार. धाकट्या चुलत भावंडांचीही तपासणी करून घ्यावी का, असे तो विचारत होता. मी स्पष्ट नको म्हणालो आणि त्याचे कारण समजावायला वेळ घेतला. या आजाराचे असे एकच जनुक नाही. 1998 साली जीवनसत्त्व डी ज्याला चिकटून काम करते त्या ग्राहीच्या जनुकातील फरकांचा गाद्यांच्या झिजेशी संबंध दाखवला गेला. 1999 मध्ये कोलॅजनच्या नवव्या प्रकाराच्या जनुकातील एक बदल फिनलंडच्या सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याच्या, रुग्णांत सापडला. हे कोलॅजन गादीतील तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवते. त्याच वर्षी जपानमध्ये तरुण स्त्रियांच्या अभ्यासात अ‍ॅग्रेकॅनच्या जनुकाचा आखूड प्रकार झिजेशी जोडला गेला. अ‍ॅग्रेकॅन हा गाद्यांतले पाणी धरून ठेवणारा रेणू, आणि त्याचे जनुक आखूड असले तर पाणी धरणाऱ्या साखळ्यांना जागा कमी उरते. नंतरच्या वर्षांत दाहाशी आणि गादीतील पदार्थ विरघळवणाऱ्या विकरांशी संबंधित जनुके या यादीत आली. पण कोलॅजनचा तो बदल फिनलंडमध्ये दुर्मीळ, तर दक्षिण चीनमधील लोकांत सुमारे वीस टक्क्यांमध्ये आढळणारा. एका समाजात मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या समाजाला जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडे कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या गटाने भारतीय तरुणांवर असा अभ्यास करून 2015 साली प्रसिद्ध केला, हे फार मोलाचे काम आहे. तरीही आज माझ्यासमोरच्या मुलीवरचा उपचार बदलेल असे कोणतेही जनुक आपल्या हाती नाही. मग धाकट्या पोरांच्या मनात भीती पेरून काय साधणार?

वडिलांच्या मनात खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो विचारायला त्यांना बराच वेळ लागला. मुलीसाठी एक स्थळ आले होते. मुलाकडच्या माणसांना हे सांगावे लागेल का आणि उद्या तिच्या मुलांनाही हे होईल का? मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली.

मला या प्रश्नाचा राग येत नाही, कारण तो आपल्या घराघरांत विचारला जातो आणि त्याला उत्तर न देता रुग्णाला घरी पाठवणे बरे नाही. 2015 साली तेहतीस अभ्यास एकत्र करून 3110 माणसांच्या तपासण्यांचा आढावा घेतला गेला. या सगळ्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती. तरीही विशीतल्या 37 टक्क्यांच्या गाद्यांत झीज दिसली आणि ऐंशी वर्षांच्यांत 96 टक्क्यांच्या. हे मी त्यांना सांगितले आणि म्हणालो, "मामा, ही घराण्याची खोट नाही. त्या घरातही दोघांतिघांच्या गाद्या अशाच असतील, त्यांनी फक्त एमआरआय काढलेला नाही. तिला संसार करायला, मूल व्हायला यामुळे अडचण नाही. सांगायचं की नाही ते तिला ठरवू दे."

तेव्हा ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "सर, मी खेळू शकेन ना?"

पाय शांत होईपर्यंत मॅटवर उतरायचे नाही, पण अंथरुणाला खिळून राहायचे नाही, रोज चालायचे आणि पोट-पाठीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करायचे, असे मी सांगितले. बाहेर आलेल्या गादीचा भाग शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेते आणि बहुतेकांच्या पायाचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत उतरते. लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडायला लागले, तर मात्र रात्र असली तरी लगेच यायचे. हे मी कागदावर लिहून दिले आणि भावाकडून मोठ्याने वाचून घेतले.

वडील औषधे आणायला खाली गेल्यावर मी भावाला सिगारेटविषयी विचारले. त्यांच्यासमोर त्याने खरे सांगितले नसते. रोज सात-आठ, तो म्हणाला. प्रौढ माणसाच्या गादीला जवळपास रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या-खालच्या पृष्ठांमधून झिरपून येते, आणि त्याच्या पृष्ठांवर आधीच खळगे होते. एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा एकसारख्या जुळ्यांच्या वीस जोड्यांत धूम्रपान करणाऱ्याच्या गाद्यांची झीज सरासरी 18 टक्के जास्त आढळली होती, तीही जनुके तंतोतंत सारखी असताना. जन्मासोबत मिळालेल्या गोष्टींत बदल करता येत नाही म्हणून हात झटकायचे, की जे हातात आहे ते घट्ट धरायचे, हे त्याने ठरवायचे होते.

फेरतपासणीला मुलगी आली तेव्हा पाय जवळजवळ पूर्ण वर जात होता. भावाने पुन्हा एमआरआय काढू या का, असे विचारले. मी नको म्हणालो, कारण काळी पडलेली गादी पुन्हा पांढरी होत नाही आणि तिची लक्षणे ओसरत असताना त्या चित्राने काहीच ठरणार नव्हते. दिवाळीनंतर ती सरावाला उभी राहिली, आधी फक्त फिटनेससाठी, मग चढाईसाठी. स्थळाचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. भावाची सिगारेट दिवसाला दोनवर आली आहे, अजून सुटलेली नाही, आणि तो बहिणीबरोबर आला की आमचे त्यावर बोलणे होते.