वस्तरा धरणारा हात

दापोली, रविवार रात्र

आज दिवसभर डोक्यात एकच विषय. रेझर नव्हता तेव्हा माणसं दाढी कशी करत? पुष्कळ ठिकाणी करतच नसत, उपटत. शिंपल्याच्या दोन पाळ्या चिमट्यासारख्या धरायच्या आणि एकेक केस ओढायचा. हर्णैच्या पुळणीवर असले शिंपले आपण सहज तुडवत जातो.

दगडाची धारही होती. लाव्हा झटकन थिजला की ऑब्सिडियन नावाची काच होते. ती फोडली की पोलादाच्या पात्याहूनही बारीक कड निघते. इजिप्तमध्ये पुढे तांब्याचे आणि काशाचे वस्तरे आले, ते मेलेल्या माणसाबरोबर थडग्यातही ठेवत.

पन्हाळेकाजीची लेणी आमच्या तालुक्यातली. तिथल्या ओवऱ्यांत राहिलेल्या बौद्ध भिक्खूंना परंपरेने आठच वस्तू जवळ ठेवता येत: तीन चीवरं, भिक्षापात्र, कंबरपट्टा, सुई, पाणी गाळायचं फडकं आणि वस्तरा. घरदार सोडून निघालेल्या माणसानेही वस्तरा सोडला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. शिवाय विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा, सर्वांत मोठा जाणकार म्हणून बुद्धाने ज्याला मान दिला, तो उपाली मूळचा न्हावी.

लोखंडी वस्तरा म्हणजे रोजची सेवा. आमच्या वाडीवर येणारे नाभिककाका खळ्यात बसून धोकटी सोडत. दगडावर पाणी शिंपडून वस्तरा पाजवायचे, मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवायचे. बारीक धार वापराने मुडपते, ती पट्ट्यावर सरळ होते. पावसाळ्यात पात्याला खोबरेल चोळून ठेवत, नाहीतर इथल्या खाऱ्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. एवढ्या कसबाचा मोबदला पूर्वी सुगीला मिळणारं भाताचं बलुतं. मला ते नेहमीच कमी वाटत आलंय.

मग जिलेटचं फेकून द्यायचं पातं आलं. १९०४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात तो रेझर गेला आणि ज्याची दाढी त्याच्याच हातात आली. धार लावणं संपलं.

त्याआधीचा वस्तरा मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात असे, आणि तो हात नकारही देऊ शके. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली. विधवांची डोकी भादरायची नाहीत, असं तिथे ठरलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं त्यांनी हे ठरवलं. शिकलेली माणसं केशवपनावर नुसती वाद घालत होती त्या काळात.

आमच्या पणजीचा एकच फोटो आहे, आलवणातला, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती त्या सभेनंतर कितीतरी वर्षांनी विधवा झाली. तरीही तिचं डोकं केलंच. त्याच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही, आणि त्या मुंबईच्या न्हाव्यांबद्दल वाटणारा आदरही तिथूनच येतो. उद्या आत्याला फोन करून हे सगळं सांगायचं आहे. पणजीबद्दल तिला आठवतं तेवढं लिहूनही घ्यायचं आहे.