गाडीला वास येतोय

श्रावणातली दुपार. पाऊस नुकताच थांबलेला. गाडीचं दार उघडलं आणि आतून कुबट वासाचा भपकारा आला. बायकोने लगेच मागच्या सीटखाली हात घालून मुलाचे फुटबॉलचे मोजे बाहेर काढले. आरोपी सापडला म्हणून ती खूश. पण वास मोज्यांचा नव्हता. मोज्यांच्या वासाला एक आंबट धार असते, हा नुसताच ओला होता, पावसात चार दिवस दोरीवर राहूनही न वाळलेल्या चादरीसारखा. एसी लावला की सुरुवातीला जोरात यायचा, मग कमी व्हायचा. म्हणजे नाक सरावायचं. म्हणूनच आपल्या गाडीचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना येतो. ते बिचारे काही बोलत नाहीत, हळूच काच खाली करतात.

यावर लोक काय करतात, तर आरशाला परफ्यूमची बाटली टांगतात. मला तिचा भयंकर राग आहे. कुबट वासावर लॅव्हेंडर चढलं की दोघांचा मिळून जो तिसरा वास तयार होतो, तो पहिल्या वळणालाच पोट ढवळून काढतो.

आमचे काका असलं काही लावून घेत नसत. त्यांची ॲम्बॅसेडर, तापलेलं रेक्झिन, पेट्रोलचा वास, मागे कोंबलेली आम्ही पोरं आणि प्रत्येकाच्या गालात आवळासुपारी. मे महिन्यात चिपळूणला जायचं. कुंभार्ली घाटात काका मध्येच मान वर करून हुंगायचे. आम्ही सगळे चिडीचूप. "क्लच हाय. वायर असती तर डोळं चुरचुरलं असतं." मग गाडी कडेला, चाकांमागे दगड, आणि काका निवांत बिडी ओढत बसलेले. परतताना सोडे आणि सुके बोंबील काकू टपावर बांधायला लावायची, 'आत आणलेत तर मी एसटीने येईन' म्हणायची. फणस मात्र तिच्याच पायाशी असे. त्याच्या घमघमाटाबद्दल अवाक्षर काढायची कुणाची टाप नव्हती.

ते नाक हल्ली कुणाला हवंय? पण वास अजून सांगतातच. गोडसर वास आला आणि काचेवर आतून चिकट धुकं धरलं, तर हीटरपाशी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गळतंय. सडक्या अंड्याचा आला, तर बहुतेक बॅटरी जास्त चार्ज होतेय. आमचा कुबट वास गॅरेजमधल्या पोराने दारातूनच ओळखला. त्याने डॅशबोर्डचा कप्पा उतरवला, मागून एसीचा फिल्टर ओढला आणि कागदावर झटकला. पिंपळाची काळी पडलेली पानं, शेंगांची टरफलं, बॉनेटच्या आतल्या अस्तराच्या चिंध्या. उंदीरमामांचा पावसाळी मुक्काम! खाली मॅटही ओलीच होती, कारण एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली. "काका, घर यायच्या आधी पाच मिनिटं एसी बंद करायचा, पंखा चालू ठेवायचा. एसीची आतली गार कॉइल सुकते, मग बुरशी नाही धरत." या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. नवा फिल्टर मात्र बिलात आला.

जाताना त्याने विचारलं, "सीएनजी आहे ना? गॅसचा वास तर नाही येत?" नव्हता येत. खरं तर त्या गॅसला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. 18 मार्च 1937 ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेखाली असाच बिनवासाचा गॅस साठत गेला, कुणाला पत्ता लागला नाही, आणि स्फोटात तीनशेच्या आसपास जीव गेले. बहुतेक मुलंच. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला.

इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या जीवघेण्या वायूला मात्र वास नाही आणि तो कुणी मिसळूही शकत नाही. तिथे काकांचं नाकही हरलं असतं. आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर मंडळी काचा चढवून, इंजिन चालू ठेवून एसीत डुलक्या काढतात. मी काचेवर टकटक करून उठवतो. शिव्या घालतात. घालू देत.