बडोद्याचा वड आणि आमचे रबर

दोडामार्गच्या आमच्या डोंगरउतारावर रबराची तीनशे झाडे आहेत आणि त्यांचे दुखणे मी बडोद्यालाही बरोबर घेऊन गेलो. दांडिया बाजारात मावशीकडचे लग्न आटोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक असलेले थोरले मावसभाऊ, आमचे दादा, मला कमाटीबागेत घेऊन गेले. विश्वामित्रीच्या काठची ही बाग सयाजीरावांनी १८७९ साली वसवली. दादांनी एका वडाचे गळू पाहणारे पान देठाशी मोडले, तसा पांढरा चीक माझ्या अंगठ्यावर आला आणि दिवसभर निघेना.

माझे गाऱ्हाणे साधे होते. रोपवाटिकेतून ‘१०५ ची’, म्हणजे त्या क्रमांकाच्या वाणाची, म्हणून घेतलेली झाडे एकसारखी वाढली नाहीत. सात वर्षे वाट पाहून टॅपिंग, म्हणजे सालीला काप देऊन चीक काढणे, सुरू केले, तर एका झाडाची वाटी भरून वाहते आणि शेजारच्या झाडाचा चीक वाटीच्या तळालाच राहतो.

आर.आर.आय.आय. १०५ हे केरळातल्या कोट्टायमच्या भारतीय रबर संशोधन संस्थेचे वाण, १९८० साली लागवडीस आलेले. जावाचे ‘तिजिर १’ आणि मलायाचे ‘जी.एल. १’ यांचा हा संकर. दादा म्हणाले, “अरे, १०५ च्या बीला १०५ म्हणत नाहीत. आई कळते, बाप कोण ते फुलांवरच्या किड्यांना विचार.” हापूसच्या बाठ्यातून हापूस येत नाही, हे कोकणातल्या माणसाला बडोद्यात ऐकावे लागले! वाणाचे गुण टिकवायचे तर त्याच झाडाचा डोळा भरलेले कलमच हवे. त्यातही खालचा खुंट बियांचाच असल्यामुळे थोडा फरक राहतोच.

चीक देणाऱ्या वाहिन्या सालीत कड्यांनी रचलेल्या असतात. त्या कड्या किती, खोडाचा घेर केवढा आणि काप दिल्यावर वाहिन्यांची तोंडे किती लवकर बुजतात, यांवर उत्पन्न ठरते, आणि या गुणांत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. मात्र निवड फार संथ चालते: हाताने परागीकरण केलेल्या शंभर फुलांपैकी जेमतेम चार-पाच फळे धरतात, एका फळात तीन बिया निघतात, आणि चांगले रोप ओळखून वाण शेतकऱ्याच्या हाती येईपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ जातो.

शिवाय मूळ भांडवलच तुटपुंजे. हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ साली, म्हणजे ही बाग होण्याच्या तीनच वर्षे आधी, ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतल्या तीन हजारही रुजल्या नाहीत. आशियातली बहुतेक लागवड त्या मोजक्या रोपांच्या वंशातली आहे. म्हणूनच १९८१ साली संशोधक पुन्हा ॲमेझॉनच्या जंगलात जाऊन हजारो बिया घेऊन आले. त्या रानटी झाडांना चीक कमी, पण त्यांच्यात आपल्या वाणांत नसलेले वैविध्य आहे.

दादांनी मग माझ्या मोबाइलमधला बागेचा फोटो मोठा करून पाहिला. कलमी झाडाचे खोड खालपासून वर जवळजवळ सारख्याच जाडीचे असते आणि बुडाशी जोडाचा फुगवटा दिसतो; बियांचे झाड खाली रुंद आणि वर निमुळते होत जाते. पहिल्या रांगेतली अकरा खोडे आम्ही मोजली. त्यांतली पहिली नऊ निमुळती होती. दहावे पाहत होतो, तोच मावशीचा फोन आला, शेव-उसळ गार होते आहे म्हणून.