१९२२ची थंडी

रविवार, रात्री उशिरा

१९२२ म्हटलं की सगळ्यांना इजिप्तचा प्राचीन राजा तूतनखामेन आणि त्याची कबरच आठवते. साहजिक आहे. ४ नोव्हेंबरला ब्रिटिश उत्खननकार हॉवर्ड कार्टरच्या माणसांना कबरीकडे उतरणारी, दगडात कोरलेली पहिली पायरी लागली, २६ तारखेला त्याने भिंतीला पाडलेल्या भोकातून मेणबत्ती धरून आत पाहिलं, आणि सगळं जग तिकडे धावलं.

पण त्याच थंडीत आपल्या मुंबई इलाख्यात जे उकरलं गेलं, ते मला त्याहून मोठं वाटतं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, १९३६पर्यंत. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचं ऑफिस पुण्यात आणि प्रमुख राखालदास बॅनर्जी. लारकाना जिल्ह्यातल्या मोहेंजोदडोला ते गेले बौद्ध स्तूपासाठी. स्तूपाच्या आसपास खणताना त्यांच्या हाती मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचे शिक्के, लागल्या, अनोळखी लिपीच्या. तशीच एक मुद्रा हडप्पाला सापडल्याचं खात्याचा पहिला प्रमुख कनिंगहॅमने १८७५मध्येच छापलं होतं, आणि खात्याचेच दयाराम साहनी १९२१पासून तिथे खणत होते. दोन गावांत सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर, आणि मुद्रा सारख्या! बॅनर्जींना हे नातं दिसलं, याचं मला फार अप्रूप आहे. सोनं कुणालाही दिसतं.

जगाला कळायला मात्र सप्टेंबर १९२४ उजाडलं. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शलनी लंडनच्या एका साप्ताहिकात फोटो छापले आणि काळ काय असावा ते कुणी सांगू शकेल का, असं विचारलं. आठवड्याभरात उत्तरं आली, इराक-इराणकडच्या जुन्या वस्तूंचे अभ्यासक पुढे झाले. भारताचा इतिहास एका झटक्यात दोन-अडीच हजार वर्षं मागे गेला.

इराकमधल्या उर या प्राचीन शहरात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ वूलीनेही १९२२मध्येच खणायला सुरुवात केली. सोन्याचे मणी निघायला लागले तेव्हा त्याने ती जागा सोडून दिली, मजुरांचा हात बसेपर्यंत. राजघराण्याच्या कबरींना पुढे चार वर्षांनी हात घातला. हा धीर मला कार्टरच्या सोन्यापेक्षा मोलाचा वाटतो.

आणि आपलं मुंबईचं म्युझियम! तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १० जानेवारी १९२२ला लोकांसाठी उघडलं. इमारत १९१४लाच तयार होती, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. आज तिथे सिंधू संस्कृतीची वजनं, मासे धरायचे गळ, दागिने आहेत. लोक वरच्या मजल्यावर जायच्या घाईत असतात. गळापाशी तरी थांबावं, निदान कोळीवाड्यांच्या या शहरात.

बॅनर्जी १९३०मध्ये गेले, पंचेचाळिशीत. मोहेंजोदडोवरचा त्यांचा स्वतःचा अहवाल खात्याने त्यांच्या हयातीत छापला नाही. तो पुस्तकरूपाने आला १९८४मध्ये. हे वाचून आज दुपारपासून जीव तळमळतोय. शाळेत मार्शल पाठ केला, बॅनर्जी एका ओळीत उरकले. उद्या लायब्ररीत तो अहवाल आहे का, विचारायचं.