एमआरआयवर सेंट्रल सल्कस शोधताना

मेंदूच्या ऑपरेशनआधी हाताच्या हालचालीचा भाग नक्की कुठे आहे हे ठरवायचं, तर पहिल्यांदा सेंट्रल सल्कस, म्हणजे हालचालीच्या आणि संवेदनेच्या वळ्यांमधली खाच, सापडायला हवा. पुस्तकातल्या चित्रात तो ठळक असतो. स्क्रीनवर मात्र माथ्याजवळ सारख्याच दिसणाऱ्या तीन-चार खाचा ओळीने असतात. एक खाच मागे गेलात, की हालचालीऐवजी संवेदनेची वळी हाती लागते.

माथ्याकडून आडवे काप खाली सरकवत या. पुढून मागे जाणारा सुपीरियर फ्रंटल सल्कस जिथे प्रीसेंट्रल सल्कसला मिळतो, त्या प्रीसेंट्रलच्या लगेच मागची खाच सेंट्रल. तिच्या पुढच्या वळीवर मागे झुकलेला फुगवटा दिसतो, उलट्या ओमेगासारखा. काहींत त्याला दोन उंचवटे असतात. हीच हाताची जागा.

घोळ पहिल्याच खुणेत होतो. सुपीरियर फ्रंटल सल्कस अनेकांत तुटक असतो, प्रीसेंट्रलचेही बरेचदा दोन तुकडे असतात. त्यामुळे मध्यरेषेवरची खूण जास्त भरवशाची: दोन्ही बाजूंच्या सिंग्युलेट सल्कसच्या (मेंदूच्या आतल्या, मध्यरेषेकडच्या बाजूवरच्या खाचेच्या) वर वळणाऱ्या मार्जिनल फांद्या मिळून कंस दिसतो आणि सेंट्रल त्याच्या लगेच पुढे येतो. तिन्ही खुणा जुळल्याशिवाय शिक्कामोर्तब करू नये. गाठीच्या सुजेने खाचा दबल्या असतील तर दुसरी बाजू बघतात, पण दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिमा नसतात. अशा वेळी बोटं हलवायला सांगून केलेला फंक्शनल एमआरआय किंवा ऑपरेशनमध्ये हाताच्या मीडियन नर्व्हला उद्दीपन देऊन मिळणारा फेज रिव्हर्सल, म्हणजे सेंट्रलच्या पुढे-मागे विद्युत संकेत उलटा होणं, बघावा.

एवढं करूनही सेंट्रल सोपाच म्हणायचा. तो गर्भात विसाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतो आणि जवळपास प्रत्येकात सापडतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत पडणाऱ्या बारीक घड्या जुळ्यांतही जुळत नाहीत, अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही. सिंग्युलेटला समांतर जाणारा पॅरासिंग्युलेट सल्कस कित्येकांत नसतोच, आणि असला तर डावीकडे जास्त आढळतो. ऐकण्याच्या भागातली हेश्लची वळी कुणाला एक, कुणाला दोन.

संशोधनात या फरकांचा फटका अनेक मेंदूंची सरासरी काढताना बसतो. मेंदूतल्या जागा सांगायला वापरला गेलेला १९८८चा तालेराख नकाशा तर एकाच वृद्ध स्त्रीच्या मेंदूवरून बनला होता. आता फ्रीसर्फरसारखी सॉफ्टवेअर घड्यांवरून पृष्ठभाग जुळवतात, मोठ्या खाचांना ते छान लागू पडतं. पण जी घडी मुळातच नाही ती कुठून आणणार? सॉफ्टवेअर शेजारचा भाग ताणून ती जागा भरतं आणि कसलीही सूचना देत नाही. सिंग्युलेटवर काम असेल तर प्रत्येक व्यक्तीची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी उघडून पॅरासिंग्युलेट आहे, नाही की तुटक आहे, अशी हाताने नोंद करावी, आणि तीही ती व्यक्ती अभ्यासातल्या कोणत्या गटातली हे माहीत नसलेल्या दोघांकडून.