तुम्ही विचारलंत म्हणून: आपली इंदुरी मराठी कथेत चालते का?

‘ताई, आपण घरी बोलतो ती मराठी कथेत चालते का, की पुण्याची आणावी लागते?’ इंदुरात लिहू पाहणारी मंडळी मला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात. विचारणाऱ्यांची शाळा बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत झालेली असते, मराठी आजीकडून आलेली असते आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू होते. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आणि इथे बसून लिहिलेलं छापणार कोण?’ आजवर दोन्हींची उत्तरं जिन्यात, फोनवर, नाटकाच्या मध्यंतरात अशी तुकड्यातुकड्यांनी दिली. आता एकदा सलग लिहून काढते.

चालते, आणि तीच आणा. गेली काही वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन करते. महाराष्ट्राबाहेरून आलेल्या कथांमध्ये हिंदी मिसळली म्हणून कथा बाजूला ठेवावी लागली, असं फार क्वचित होतं. बाजूला पडतात त्या उसन्या मराठीतल्या. राजेंद्र नगरमधली सासू टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूसारखी बोलायला लागली की मी थांबते. लेखकाने आपल्या कानांवर विश्वास ठेवलेला नाही, हे पहिल्या अर्ध्या पानात कळतं.

एक नमुना देते. मी तो मुद्दाम रचलेला आहे. रामबागेतलं जुनं घर विकायला निघालंय. भाऊबहीण दोघं साठीच्या पुढचे. भावाने तिला न विचारता खरेदीदाराकडून बयाना घेतलाय. पहिल्या खर्ड्यात आपण सगळे साधारण असं लिहितो:

‘दादा, तू माझ्याशी असं वागशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं,’ ती रागाने थरथरत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

यात व्याकरणाची चूक नाही, पण माणसंही नाहीत. आता हे वाचा:

‘बयाना किती घेतलास?’
‘ते बघू गं नंतर. चहा घे आधी.’
‘आप बता दीजिए, भाईसाब. मेरे वकील पूछेंगे.’
दादाने कप बशीत ठेवला.

त्या घरात हिंदी दूधवाल्याशी, भाडेकरूशी, नगर निगमच्या माणसाशी बोलतात. बहिणीने भावाला त्या रांगेत नेऊन उभं केलं. राग, पाणी, थरथर यांपैकी काहीही लिहावं लागलं नाही, आणि ‘तू’चं ‘आप’ झालं ते वाचकाला आपसूक ऐकू आलं. हे पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या भावाबहिणीला करता येणार नाही. त्यांच्याकडे भांडायची दुसरी साधनं असतील, पण हे नाही. आपल्याकडे ते रोजच्या वापरात पडलेलं आहे आणि आपणच ते लपवायला बघतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून कथा लिहायला घेण्याआधी एक काम करा. वहीत प्रत्येक पात्राचं नाव लिहा आणि पुढे लिहा की हे माणूस कोणाशी कुठल्या भाषेत बोलतं आणि कधी बदलतं. हिशोब कशात करतं? शिवी कशात देतं? डॉक्टरला दुखणं कशात सांगतं? मालव्यातून आलेली सून सासूशी मराठी बोलते, नवऱ्याशी हिंदी, आणि फोनवर आईशी मालवी. मग सासू खोलीत आल्यावर ती मालवीतच बोलत राहते की पटकन हिंदीवर येते? याचं उत्तर सापडलं की त्या घरातलं नातं तुमच्या हाती आलं. कित्येकदा कथेचं वळणही तिथेच सापडतं.

हिंदी वाक्याचा अर्थ कंसात देऊ नका. साताऱ्याच्या वाचकालाही तेवढी हिंदी कळते. मालवी असेल तर एखादंच वाक्य ठेवा आणि समोरच्याचं मराठी उत्तर असं लिहा की त्यातून अर्थ कळेल. आणि प्रत्येक वाक्यात दोन्ही भाषांची भेळ करू नका. सारखंच बदलत राहिलं तर बदलाला वजन राहत नाही.

निवेदनाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. निवेदक पात्रांपैकीच एक असेल तर त्याला त्याची बोली द्या आणि शेवटपर्यंत सांभाळा. बाहेरून सांगणारा निवेदक असेल तर त्याची मराठी पक्की हवी. आपल्या हातून इथे हिंदीची लिंगं शिरतात: ‘त्याची आवाज’, ‘ती पुस्तक’. ऱ्हस्वदीर्घही हिंदीच्या सवयीने पडतं. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम दोन-चार पानांत मावतात. एकदा बसून वाचा आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा. संपादक बोलीला हात लावत नाही, पण निवेदन जागोजाग दुरुस्त करावं लागलं तर त्याला पुढे वाचवत नाही. ते स्वाभाविक आहे.

आता गावाविषयी. राजवाडा, सराफा, छप्पन दुकान आणि पोहे-जिलेबी पहिल्याच पानावर एकत्र भेटले की लेखक पाहुण्याला शहर दाखवायला निघालाय हे मी ओळखते. इथे राहणाऱ्या माणसाचा दिवस सराफ्यावर चालत नाही, नळावर चालतो. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं. नर्मदेकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून आणलेलं. आणि कित्येक वस्त्यांना ते एक दिवसाआड मिळतं. नळाच्या वेळेला घरी कोण थांबणार, या एका प्रश्नावर मी कुटुंबं तुटायला आलेली पाहिली आहेत. मुलाखतीची वेळ आणि नळाची वेळ एकच असलेली बाई हे कथेचं पूर्ण बीज आहे. तिच्यासाठी राजवाड्याचं वर्णन लागणार नाही.

दुसरं उदाहरण. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या ३२ वर्षांत किती घरांतली किती माणसं कोर्टाच्या तारखांना जात राहिली, किती पैशाची वाट बघत गेली आणि त्यांच्या जागी विधवा उभ्या राहिल्या. प्रत्येक तारखेसाठी एक पांढरा शर्ट वेगळा ठेवणारा बाप, आणि तो शर्ट कधीतरी दुसऱ्या कामाला वापरणारा मुलगा. मराठी कथेत मुंबईची गिरणी भरपूर आली आहे. इंदूरची मिल मला अजून हवी तशी वाचायला मिळालेली नाही. ज्यांच्या घरात मिलचा कामगार होता त्यांनी ती लिहावी, आणि वडिलांचे सोबती आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्यावं.

‘मग हिंदीतच का लिहू नये?’ असंही कोणी विचारतं. लिहा की. मुक्तिबोधांच्या एका मराठी घरात गजानन माधव हिंदीत लिहिते झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीत, आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपलं मानलं. मी एवढंच बघायला सांगते की प्रसंग डोक्यात येतो तेव्हा माणसं कुठल्या भाषेत बोलत येतात. मराठीत येत असतील तर मराठीत लिहिण्याला एक व्यवहारी कारणही आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी कथेची मागणी करणारी ही परंपरा आपल्याकडे टिकून आहे. आजही शेकडो अंक निघतात आणि त्यांना नवी कथा हवी असते.

पण त्यांचं वेळापत्रक समजून घ्या. आपल्याकडे लोक गणपतीत कथा पूर्ण करतात आणि दसऱ्याच्या तोंडावर पाठवतात. तोवर अंक छापखान्यात असतो. बहुतेक अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यात सुरू होते आणि जून-जुलैपर्यंत मजकूर ठरत आलेला असतो. तेव्हा होळीपर्यंत पहिला खर्डा पूर्ण हवा, म्हणजे महिनाभर बाजूला ठेवून परत हात फिरवता येतो. या दुसऱ्या फेरीत मोठ्याने वाचा आणि शेवटचा परिच्छेद काढून बघा. दहातल्या आठ कथांना तो नको असतो. बहिणीने ‘भाईसाब’ म्हटल्यावर दादाला काय वाटलं हे आपण तिथे समजावून सांगत बसलेलो असतो.

ज्या अंकाला पाठवणार त्याचे आधीचे दोन अंक वाचा. अडीच ते चार हजार शब्दांची कथा बहुतेकांना सोयीची पडते. फाईल युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या आणि कथा अन्यत्र प्रसिद्ध झालेली नाही ही एक ओळ पुरे. पत्रात कथेचा आशय सांगू नका. एका वेळी एकाच अंकाला पाठवा, दोन महिन्यांनी एकदा विचारा, उत्तर नाही आलं तर तसं कळवून दुसरीकडे पाठवा. इंदूरहून आली म्हणून कथा मागे राहते असं माझ्या पाहण्यात नाही. उशिरा आली म्हणून राहिलेल्या बऱ्याच पाहिल्या.

पुण्याला राहायला जावं का? कथेसाठी जाऊ नका. नोकरीसाठी जायचं असेल तर जा. मालिका लिहायच्या असतील तर मात्र मुंबईची माणसं ओळखीची लागतात. इथे राहून आपल्याला आणखी एक काम मिळू शकतं, ते अनुवादाचं. हिंदी आणि मराठी दोन्ही घरच्या असलेली माणसं प्रकाशकांना हवी असतात. सरावाला प्रेमचंदांची एखादी कथा घ्या. ते १९३६ मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. हयात लेखकाची कथा छापायची तर लेखी परवानगी आधी घ्या. दुसऱ्याची कथा वाक्यावाक्याने मराठीत आणताना तिची बांधणी जशी कळते तशी नुसत्या वाचनाने कळत नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. दिवाळी अंकाच्या मानधनावर घर चालत नाही, तेव्हा नोकरी सोडू नका. संग्रह काढायची वेळ आली आणि प्रकाशकाने तुमच्याकडेच पैसे मागितले तर ते स्वखर्चाचं पुस्तक आहे. स्वखर्चाने जरूर काढा, पण मग प्रती किती छापणार, उरलेल्या कुठे राहणार आणि दुकानात कोण पोचवणार, हे लेखी घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचे वेगळे पैसे कोणी लावले तर देऊ नका. भारतात तो सरकारकडून फुकट मिळतो. प्रकाशक स्वतःच्या खर्चाने काढणार असेल तर रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, हे विचारा.

आणि करार वाचा. हक्क दुसऱ्याकडे देणं आपल्या कायद्याप्रमाणे लेखीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता हक्क धरला जातो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं एक वाक्य कुठेतरी मध्येच असतं, तिथे पेन थांबवा. छापील पुस्तकाचे हक्क द्या. अनुवाद, नाटक, चित्रपट आणि ऑडिओ यांच्यासाठी वेगवेगळी कलमं मागा. नाही म्हणाले तर कारण विचारा. सही करण्याआधी मला दाखवायला आणलंत तरी चालेल, रविवारी सकाळी मी घरी असते.