वेळ विचारली की कोसळणारा प्रोग्राम

हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यातून आलेला फोन मी टाळत नाही. गाळप सुरू झाल्यावर काटा थोडा वेळ जरी अडला तरी केन यार्डातली ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते, तोडलेला ऊस उन्हात वाळत राहतो आणि घटलेलं वजन शेवटी शेतकऱ्याच्या बिलातून जातं. 2018 च्या ऑक्टोबरात सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यातून फोन आला, तेव्हा तिथे बॉयलरचं अग्निप्रदीपन होऊन गेलं होतं आणि गव्हाणीत मोळी टाकायचा दिवसही ठरला होता. फोनवर काट्यावरचे जुने क्लार्क होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

"साहेब, वजन स्क्रीनवर येतंय बघा. पण सेव्ह केलं की प्रोग्रामच उडतोय. गेल्या हंगामापर्यंत कधी असं झालं न्हाई."

काट्याचं काम बाहेरून साधं दिसतं. भरगाडी प्लॅटफॉर्मवर येते, खालचे लोडसेल तिचा भार मोजतात, केबिनमधल्या इंडिकेटरवर आकडा स्थिर होतो आणि तोच आकडा सिरियल केबलमधून संगणकात जातो. क्लार्क टोकन नंबर टाकून वजन सेव्ह करतो. गाडी गव्हाणीवर रिकामी होऊन परतली की पुन्हा वजन होतं, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून पावती निघते. त्या पावतीवर दोन वजनं असतात आणि प्रत्येक वजनाची वेळ असते. शेतकरी ती पावती जपून ठेवतो, कारण वर्षभराच्या कष्टाचा हिशेब तिच्यावरूनच होणार असतो. काटामारीच्या तक्रारींनी आपल्याकडे किती रान पेटलेलं आहे हे सांगायला नको. त्यामुळे या खोलीतल्या कुठल्याही वस्तूला हात लावताना मी दहादा विचार करतो.

प्रोग्राम सी भाषेतला. बाहेरच्या एका प्रोग्रामरने 2011 च्या सुमाराला लिहून दिलेला. तो माणूस आता संपर्कात नाही आणि सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, कारखान्याकडे कधी आलाच नव्हता. हातात होती फक्त कंपाइल केलेली फाइल. संगणकावर आधी डेबियन 8 ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिचा नेहमीचा सुरक्षा-आधार जून 2018 मध्ये संपला, म्हणून कारखान्याच्याच माणसांनी ऑफ सीझनमध्ये डेबियन 9 चढवलं. अपग्रेड विनातक्रार पार पडलं. मग पाण्याचा टँकर काट्यावर उभा करून चाचणी घेतली आणि पहिल्याच वजनाला प्रोग्राम कोसळला. पडद्यावर एवढंच उरलं: सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला म्हणून प्रोग्राम बंद पाडला.

मी पोचेपर्यंत सिरियल केबल बदलून झाली होती, प्रिंटर काढून पाहिला होता, इंडिकेटरवाल्यालाही बोलावणं गेलं होतं. संशय स्वाभाविक होता. प्रोग्राम सुरू व्हायचा, पासवर्ड घ्यायचा, पाळीची तारीख क्लार्क हाताने टाकायचा तीही घ्यायचा, वजनाचा आकडा दाखवायचा. सेव्ह म्हटलं की मात्र संपलं.

आधी फाइल तपासली. स्टॅटिक पद्धतीने लिंक केलेली, 64-बिटची, आतल्या फंक्शनांची नावं काढून टाकलेली. आतल्या मजकुरात कंपायलरची आवृत्ती मात्र टिकून होती: जीसीसी 4.4.5. म्हणजे डेबियन 6 वर बांधलेला प्रोग्राम. स्टॅटिक असल्यामुळे नव्या सिस्टिममधल्या लायब्ररींशी त्याचा काही संबंध नव्हता. सी लायब्ररीचा जो भाग त्याला हवा, तो 2011 सालीच त्याच्या पोटात जाऊन बसला होता. अपग्रेडनंतर काही बिघडलं की आपण आधी लायब्ररीकडे बोट दाखवतो. इथे ती वाटच बंद होती.

मग एसट्रेस लावून टँकरचं वजन पुन्हा घेतलं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; प्रोग्रामने त्याला केलेली प्रत्येक विनंती एसट्रेस ओळीने दाखवतं. शेवटची ओळ होती सिरियल पोर्टवरून वाचल्याची, आणि ते वाचन यशस्वी झालं होतं. वजनाचे आकडे नीट आले होते. त्याच्या लगेच खाली सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल. मधे काहीच नाही. डेटा फाइल उघडण्याचा साधा प्रयत्नही नाही. खांद्यावरून बघणारा कारखान्याचा तरुण इंजिनिअर म्हणाला, "म्हणजे पोर्टच की हो." ती ओळ बघून कुणालाही तसंच वाटेल. पण वाचन पूर्ण होऊन आकडा हातात आल्यावर पोर्टचं काम संपलेलं असतं. आकडा आला आणि फाइल उघडायची होती, या दोहोंच्या मधे प्रोग्रामने असं काहीतरी केलं होतं जे एसट्रेसला दिसतच नाही.

उत्तर कर्नलच्या लॉगमध्ये होतं. डीमेसेज या कमांडने तो उघडून फॉल्टची नोंद पाहिली, तर चूक झालेला पत्ता आणि त्या क्षणी प्रोसेसर जी इन्स्ट्रक्शन आणायला गेला तिचा पत्ता एकच होता: आधी दहा वेळा एफ आणि पुढे 600400. म्हणजे प्रोग्राम चुकीची माहिती वाचत नव्हता. जिथे कोडच नाही अशा जागी तो उडी मारत होता. आणि त्याच्या वरच्या ओळीत कर्नलने कारणही स्पष्ट लिहिलं होतं: व्हीसिसकॉल अटेम्प्टेड विथ व्हीसिसकॉल=नन.

ही ओळ वाचल्यावर माझी काळजी निम्म्याने उतरली. हे प्रकरण मुळातून सांगण्यासारखं आहे.

'आत्ता किती वाजले' हा प्रश्न प्रोग्राम कर्नलला वारंवार विचारतात. दर वेळी रीतसर सिस्टिम कॉल करून कर्नलमध्ये शिरायचं आणि बाहेर यायचं यात वेळ जातो. म्हणून 64-बिट लिनक्समध्ये सुरुवातीच्या काळात एक सोय केली होती. मेमरीच्या अगदी वरच्या टोकाला व्हीसिसकॉल नावाचं एक पान कायमचं मांडून ठेवलं आणि त्यात तीन छोटी फंक्शनं दिली. गेटटाइमऑफडे, टाइम आणि गेटसीपीयू. प्रोग्रामने सरळ त्या पत्त्यावर उडी मारायची, वेळ घ्यायची आणि परत यायचं. कर्नलमध्ये शिरणं नाही, म्हणून एसट्रेसमध्ये नोंदही नाही. 600400 ला संपणारा पत्ता टाइम फंक्शनचा.

अडचण पत्ता कायमचा असण्यात होती. दाराच्या चौकटीवर ठेवलेली किल्ली घरच्यांच्या सोयीची असते, पण सगळ्या गल्लीत किल्ली तिथेच ठेवायची पद्धत असेल तर चोरालाही ती शोधावी लागत नाही. बाकी सगळी मेमरी दर वेळी वेगळ्या पत्त्यांवर विखरून हल्लेखोराला चकवायचं आणि एक पान मात्र जगातल्या प्रत्येक मशीनवर एकाच जागी ठेवायचं, हे फार काळ चालण्यासारखं नव्हतं. यावर व्हीडीएसओ नावाची पर्यायी सोय आधीच आली होती. काम तेच, पण तिचा पत्ता दर वेळी बदलतो. जुन्या पानाचं काय करायचं यावर 2011 मध्ये अँडी लुटोमिर्स्की यांनी काम केलं आणि लिनक्स 3.1 मध्ये अनुकरणाची पद्धत आली. पान दिसायला जागेवर असतं, पण तिथे उडी मारली की कर्नल मधेच पकडतो, वेळ स्वतः देतो आणि प्रोग्रामला परत पाठवतो. जुने प्रोग्राम चालत राहतात, हल्लेखोराला वापरण्याजोगं त्या पानात फारसं काही मिळत नाही.

डेबियन 8 च्या 3.16 कर्नलमध्ये हे अनुकरण चालू होतं, म्हणून आमचा प्रोग्राम तिथे सुखाने नांदत होता. डेबियनने 4.8 पासूनच्या आपल्या कर्नलमध्ये ते पान पूर्ण बंद केलं, आणि डेबियन 9 सोबत आला तो 4.9 कर्नल. कर्नल पॅकेजच्या बातमीपत्रात हे स्वच्छ लिहिलेलं आहे: सी लायब्ररी 2.13 आणि त्याआधीची असेल तर प्रोग्राम मोडतील, आणि ते पान परत चालू करायचं असेल तर काय करायचं तेही. मला डेबियनचा निर्णय योग्य वाटतो. जगभरच्या सर्व्हरांची सुरक्षा एका बाजूला आणि मूठभर जुने प्रोग्राम दुसऱ्या बाजूला, असा तो हिशेब होता. फक्त त्या मूठभरांत आपला काटा आहे हे कारखान्यात कुणाला कळायला काही मार्ग नव्हता.

निदान सिद्ध केल्याशिवाय मी उपाय करत नाही. अपग्रेडनंतर जुना 3.16 कर्नल डिस्कवर तसाच होता. मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या ग्रबच्या मेन्यूतून तो निवडून मशीन सुरू केलं. बाकी सगळं डेबियन 9 चं, तीच केबल, तोच टँकर. अण्णांनी सेव्हचं बटण दाबलं आणि प्रिंटर कर्रकन वाजला. चालू प्रोग्रामच्या मेमरीचा नकाशा उघडून पाहिला तर सगळ्यात खालच्या ओळीला व्हीसिसकॉलचं पान हजर होतं. नव्या कर्नलवर ती ओळच गायब होती.

दुसरा पुरावा प्रोग्रामच्या आतून घेतला. फाइलची प्रत काढून ऑब्जडम्प या साधनाने तिच्यातल्या इन्स्ट्रक्शन उलगडल्या. वेळ विचारण्याची जागा सापडली ती अवघ्या नऊ बाइटांची: सात बाइटांत तो ठरलेला पत्ता प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये भरायचा आणि दोन बाइटांत तिथे जायचं. त्याऐवजी रीतसर सिस्टिम कॉल करायचा तर टाइमचा क्रमांक 201 रजिस्टरमध्ये भरायला पाच बाइट आणि कॉलची इन्स्ट्रक्शन दोन बाइटांची. उरलेल्या दोन बाइटांत 'काही करू नको'. नेमके नऊ. प्रतीत हा बदल केला आणि ती प्रत नव्या 4.9 कर्नलवर न कोसळता चालली. निदान पक्कं झालं.

तरुण इंजिनिअर खूश झाला. "मग हीच टाका की, सर. रीबूटची पण गरज न्हाई."

मी ते करायला साफ नकार दिला. हा वजनाचा प्रोग्राम आहे. वैधमापन विभाग काट्याची पडताळणी करून सील लावतो, हंगामात भरारी पथकं अचानक येऊन वजनं तपासतात. अशा जागी सोर्स कोड नसलेल्या फाइलमधले बाइट बाहेरच्या माणसाने हाताने बदलले, असं एकदा जरी कुणाच्या कानावर गेलं तर त्या नऊ बाइटांनी काय केलं हे कुठल्या शेतकऱ्याला पटवून देणार? आणि त्याने तरी का पटवून घ्यावं? बदल वेळेपुरता होता, वजनाला त्याने स्पर्शही केला नव्हता, हे मला माहीत होतं. पण काट्यावर फक्त मला माहीत असून भागत नाही. ती प्रत मी सगळ्यांदेखत पुसून टाकली.

उपाय केला तो कर्नलच्या बाजूने. ग्रबच्या सेटिंगमध्ये 'व्हीसिसकॉल=एम्युलेट', म्हणजे अनुकरण चालू, एवढा पर्याय जोडला, ग्रब अपडेट केलं आणि मशीन नव्या कर्नलवर पुन्हा सुरू केलं. हा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, फक्त आतल्या नेटवर्कवरून हिशेब विभागाशी बोलतो. तिथे अनुकरण चालू ठेवण्याचा धोका मला पेलण्याजोगा वाटला. इंटरनेटसमोर उभा असलेला सर्व्हर असता तर मी असं केलं नसतं.

टँकर आधी भरलेला तोलला, पाणी सोडून देऊन रिकामा तोलला. दोन्ही वजनं इंडिकेटरशी जुळली, वेळा भिंतीवरच्या घड्याळाशी जुळल्या. त्यानंतर मूळ प्रोग्रामचं शा-256 चेकसम काढलं, म्हणजे फाइलीत एक बाइट जरी बदलला तरी बदलणारा तिचा ठसा. गेल्या हंगामाच्या बॅकअपमधल्या फाइलचंही काढलं. दोन्ही कागदावर छापून शेवटचं अक्षर येईपर्यंत अण्णांनी स्वतः बोट ठेवून ताडून पाहिलं. शेतकी अधिकाऱ्यांची सही घेऊन तो कागद काट्याच्या रजिस्टरला लावला, सोबत ग्रबमधला बदल आणि त्याचं कारण मराठीत लिहून ठेवलं. उद्या माझ्याऐवजी दुसरा कुणी आला तर त्याला कळलं पाहिजे.

संचालकांना मी लेखी कळवलं की ही तजवीज एका हंगामापुरतीच समजा. सोर्स कोड हाती असलेला प्रोग्राम लिहून घ्या आणि वैधमापन विभागाला विचारूनच तो बसवा. त्यांनी ऐकलं. पुढच्या ऑफ सीझनमध्ये नवा प्रोग्राम आला आणि सोर्स कोडची प्रत करारानुसार कारखान्याच्या ताब्यात आली. जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवून पावत्या जुळल्यावरच जुना बंद केला, आणि ग्रबमधला तो पर्यायही काढून टाकला.